हिमनदीच्या भेटीला जाताना



रविवारच्या मराठी वर्तमानपत्रांतील सहलींच्या जाहिराती पाहिल्या की एक बदल सहज लक्षात येतो. एके काळी तिथे काश्मीर, उटी, फार तर सिंगापूर असे. आपल्या वसईकरांसाठी वेलांकनी आणि गोवा. ऐपत असली तर पवित्र भूमी आणि लूर्ड्स. आता त्या यादीत अलास्का, आइसलँड आणि नॉर्वे येऊन बसले आहेत. दिवसभर बोटीत बसून हिमनद्या पाहायच्या, दुपारचे जेवण बोटीवरच, संध्याकाळी मुक्कामाला परत, असा कार्यक्रम असतो. या सगळ्या बोलण्यात कधी उघडपणे, कधी आडून एक सूर ऐकू येतो : हिमनद्या आहेत तोवर पाहून घ्या, पुढे दिसतीलच असे नाही.

हा सूर थोडा विचित्र आहे. एखादी वस्तू संपत चालली आहे म्हणून ती पाहायला गर्दी करायची, आणि ती गर्दी तिथे पोहोचावी म्हणून ज्या इंधनाच्या धुराने ती संपत आहे तेच इंधन जाळायचे! मग असे जाणे योग्य की अयोग्य? आपल्या एव्हरशाईन सिटीतील किती जण अलास्काला जाणार, म्हणून हा प्रश्न आपला नाहीच, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न आपला आहे. तो कसा, ते पुढे पाहू.

आधी ही सहल काय असते ते समजून घेऊ. अलास्कातील ग्लेशियर बे हे संरक्षित राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून निघणारी दिवसाची बोट साधारण आठ तासांत २०० किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापते. उद्यानाचा एक रक्षक सोबत असतो आणि माहिती सांगतो. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे थंड पाण्याची लांब खाडी, आणि टोकाला हिमनदी. मार्जरी नावाच्या हिमनदीची कडा पाण्यावर सुमारे २५० फूट उभी आहे. आपल्याकडच्या सात मजली इमारती एकावर एक अशा तीन ठेवल्या, तरी ती थोडी उंचच भरेल. बर्फ निळसर दिसते, कारण वर्षानुवर्षांच्या दाबाने त्यातील हवा निघून गेलेली असते आणि असे घट्ट बर्फ प्रकाशातील तांबडा रंग शोषून घेते. बोटीचे इंजिन मंद करतात, सगळे गप्प होतात. अचानक तोफ उडाल्यासारखा आवाज होतो आणि घराएवढा तुकडा पाण्यात कोसळतो. पाहणाऱ्याच्या तोंडून आपोआप देवाचे नाव निघावे, असे ते दृश्य असते.

अशा आनंदाला नावे ठेवण्याचा या लेखाचा हेतू नाही. सृष्टीचे सौंदर्य डोळे भरून पाहावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले आहे. चाळीस वर्षे लोकलच्या दारात लोंबकळत नोकरी केलेल्या माणसाने निवृत्तीनंतर पत्नीला घेऊन जग पाहिले, तर त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा? शिवाय अशा सहलींवर कित्येकांची चूल पेटते. वसई, मुंबई आणि गोव्याची किती तरी मुले पर्यटन जहाजांवर स्वयंपाकघरात, भोजनकक्षात, इंजिनखोलीत राबतात. ग्लेशियर बे हे ज्यांचे मूळ स्थान, त्या हुना ट्लिंगिट आदिवासींच्या मालकीच्या कंपनीने २००४ साली हुना गावाजवळ जहाजांसाठी बंदर सुरू केले, आणि त्यातून गावाला रोजगार मिळाला. हेही पारड्यात टाकलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १७९४ साली इंग्रज दर्यावर्दी व्हँकुव्हर यांची माणसे तिथे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. सगळीकडे बर्फ भरलेले होते. त्याआधी पुढे सरकणाऱ्या त्याच बर्फाने हुना ट्लिंगिट लोकांची घरेदारे गिळली होती. १८७९ साली निसर्गलेखक जॉन म्यूर तिथे गेले तोवर बर्फ कित्येक मैल मागे हटले होते, आणि आज ते त्या जुन्या जागेपासून सुमारे १०० किलोमीटर मागे गेले आहे. म्हणजे तिथले बर्फ मागे हटणे विमाने आणि मोटारी येण्याच्या आधीच सुरू झाले होते. हिमनद्या पूर्वीही वाढत आणि घटत असत. आजचा फरक असा, की आता जगभरच्या बहुतेक हिमनद्या एकाच वेळी आणि झपाट्याने घटत आहेत, आणि त्यामागे माणसाने जाळलेला कोळसा, तेल व वायू हे मुख्य कारण आहे. २००० ते २०२३ या काळात जगातील हिमनद्यांनी दरवर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावले, असा आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांचा हिशेब २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ग्रीनलंड व अंटार्क्टिकावरील अफाट हिमचादरी धरलेल्या नाहीत. तेवढ्या बर्फाने समुद्राची पातळी सुमारे १८ मिलिमीटरने वाढली. म्हणजे एका बोटाच्या रुंदीइतकी.

त्याच अलास्कात जुनो नावाचे शहर आहे. वस्ती जेमतेम ३२ हजारांची. पण अलीकडे एका हंगामात तिथे जहाजांतून १६ लाखांहून अधिक पर्यटक उतरतात. शहराला लागूनच मेंडेनहॉल हिमनदी आहे. तिच्या बाजूची एक छोटी हिमनदी वितळून मागे हटली आणि तिच्या जागी मोठा खळगा तयार झाला. त्यात उन्हाळ्यात पाणी साठते, आणि एक दिवस ते बर्फाखालून वाट काढून खालच्या वस्तीवर येते. ऑगस्ट २०२३ मध्ये नदीकाठची घरे खचली. ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे ३०० घरांत पाणी शिरले. जी हिमनदी पाहायला लोक पैसे देऊन येतात, तिचेच पाणी तिथल्या माणसांच्या बैठकीच्या खोलीत आले. तळमजल्यावरचा फ्रिज विटांवर चढवण्याचा अनुभव एव्हरशाईन सिटीतील कुटुंबांना नवा नाही. जुनोच्या लोकांचे दुःख आपण चटकन समजू शकतो.

आता नेहमीचा आक्षेप : 'माझ्या एकट्याच्या जाण्याने काय होणार? विमान तर तसेही उडणारच.' या आक्षेपाला पूर्वी नेमके उत्तर देता येत नसे. २०१८ साली जर्मनीतील ब्रेमेन आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठांच्या संशोधकांनी एक हिशेब मांडला. हवेत सोडलेल्या दर एक किलो कार्बन डायऑक्साईडमागे कालांतराने हिमनद्यांचे सुमारे १५ किलो बर्फ वितळते. मुंबईहून अलास्काला जाऊन-येऊन सुमारे २८ हजार किलोमीटरचा विमानप्रवास होतो. ढोबळ मानाने एका प्रवाशाच्या वाट्याला पावणेतीन-तीन टन कार्बन डायऑक्साईड येतो. तीन टन धरले तर ४५ टन बर्फ. आपल्या भाषेत सांगायचे तर, सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर घ्या. असे साडेचार टँकर. एका माणसाचे. पाण्याच्या टँकरची किंमत वसईकरांना वेगळी सांगायला नको.

हा हिशेब फक्त अलास्काला जाणाऱ्यासाठी नाही. त्याच संशोधकांनी सांगितले आहे की, साधी मोटार अर्धा किलोमीटर चालली की एक किलो बर्फाची नोंद होते. एव्हरशाईन सिटीतून वसई रोड स्टेशनला मोटारीने एक फेरी केली तर चार-पाच किलो बर्फ खर्ची पडले. म्हणजे ज्याने आयुष्यात हिमनदी पाहिली नाही, तोही रोज तिला हात लावत आहे. म्हणूनच, हा प्रश्न आपला आहे, असे सुरुवातीला म्हटले.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. 'अमेरिकेतील माणूस वर्षाला सरासरी १४ टन कार्बन डायऑक्साईड सोडतो, भारतातील माणूस सुमारे दोन टन. त्यांनी शंभर-दीडशे वर्षे धूर सोडला आणि संयम आम्ही पाळायचा, हा कुठला न्याय?' हे म्हणणे खरे आहे, आणि राष्ट्रांच्या बैठकीत ते ठणकावून सांगितलेच पाहिजे. पण घरात बसून विचार करताना एक गोष्ट विसरता येत नाही. दोन टन ही सरासरी आहे. तिच्यात विमानाने फिरणारेही आहेत आणि वसई-नायगाव पट्ट्यातील मिठागरांत राबणारी कुटुंबेही. त्या कुटुंबांच्या वाट्याचा धूर नगण्य असतो. आपण अमेरिकेकडे बोट दाखवतो तेव्हा आपल्याकडेही कोणी तरी बोट दाखवू शकतो, आणि तो फार दूर राहत नाही.

मग जावे की जाऊ नये? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या जीवनातील एका जुन्या रीतीचा उपयोग होतो. ती म्हणजे आजाऱ्याची भेट. दयेच्या कृत्यांत आपण ती मोजतो. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे जे वर्णन आहे, त्यात या भेटीचाही हिशेब मागितला जातो.

आजाऱ्याला भेटायला आपण कसे जातो? नातेवाईक अतिदक्षता विभागात असेल तर दहा जणांनी आत घुसत नाही. ठरलेल्या वेळी जातो, चप्पल बाहेर काढतो, आवाज खाली ठेवतो. त्याला त्रास होईल असे काही आत नेत नाही. त्याच्या उशाशी उभे राहून फोटो काढत नाही. निघताना घरच्यांना हळूच विचारतो, काही हवे आहे का? आणि मुख्य म्हणजे, घरी आल्यावर ती भेट संपत नाही. औषधांची सोय पाहणे, रक्त देणे, मुलांना दोन दिवस आपल्याकडे ठेवणे ही कामे मागाहून येतात. 'शेवटचे एकदा पाहून घेऊ' एवढ्याच हेतूने जो येतो आणि नंतर फिरकत नाही, त्याच्या भेटीला घरचे लोक भेट म्हणत नाहीत. तो नुसते बघून गेला, असे म्हणतात.

हिमनदीच्या बाबतीतही मला हाच निकष लावावासा वाटतो. पाहणे हे पाप नाही. पण जे नाहीसे होत आहे ते पाहिल्याने पाहणाऱ्यावर ऋण चढते. तिकिटाचे पैसे भरल्याने ते ऋण फिटत नाही. ते मान्य असेल तर ती भेट. मान्य नसेल तर तो तमाशा, मग डोळ्यांत कितीही पाणी येवो.

ग्लेशियर बेमध्ये काही नियम आहेत, ते रुग्णालयाच्या नियमांची आठवण करून देतात. दिवसाला दोनच मोठ्या पर्यटन जहाजांना आत सोडतात. जॉन्स हॉपकिन्स नावाच्या खाडीत सील मासोळीसारख्या दिसणाऱ्या पण सस्तन असलेल्या प्राण्यांच्या माद्या तरंगत्या बर्फावर पिलांना दूध पाजतात. त्या दिवसांत तिथे बोटींना मज्जाव असतो. जुनो शहरानेही २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे, असा करार जहाज कंपन्यांशी केला. व्यवसाय बुडेल अशी भीती असतानाही त्यांनी मर्यादा घातली. भेटीला वेळ आणि मर्यादा असावी, हे त्यांनाही पटले.

भेट आणि तमाशा यांतला फरक गोव्याच्या एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञ दरवर्षी हिमालयात जातात. हिमाचल प्रदेशातील स्पितीमध्ये १३ हजार फुटांहून अधिक उंचीवर २०१६ साली 'हिमांश' नावाचे संशोधन ठाणे उभारण्यात आले. चंद्रा नदीच्या खोऱ्यातील हिमनद्यांत बांबू रोवून, किती बर्फ साठले आणि किती गेले, याची मोजणी केली जाते. हेही लोक विमानाने आणि जीपने जातात, त्यांचेही इंधन जळते. पण ते आजाऱ्याची नाडी पाहायला जातात. त्या मोजणीवर खालच्या खोऱ्यांतील शेती आणि गावांची सुरक्षितता अवलंबून असते. प्रवास तोच, पण कोणासाठी केला यावरून त्याची किंमत बदलते.

शास्त्रज्ञ नसलेल्या माणसांनी काय करावे? याचे एक सुंदर उदाहरण स्वित्झर्लंडमधील आपल्याच कॅथलिक बांधवांनी घालून दिले आहे. वॅले प्रांतात फीश आणि फीशरटाल ही छोटी गावे आहेत. त्यांच्या वर आल्प्स पर्वतातील सर्वांत मोठी हिमनदी, आलेच, पसरली आहे. सतराव्या शतकात ती वाढत होती. बर्फाने अडवलेल्या तळ्याचे पाणी फुटून खाली येई आणि गुरे, शेते वाहून जात. १६७८ साली गावकऱ्यांनी देवासमोर नवस केला : आम्ही सदाचाराने राहू, तू ही हिमनदी आवर. पुढे त्यासाठी दरवर्षी मिरवणूक निघू लागली. शेकडो वर्षे गावाने तो नवस पाळला. मग हिमनदी आटू लागली, इतकी की गावकऱ्यांना उलटी काळजी पडली. शेतीचे आणि पिण्याचे पाणी तिच्यावरच अवलंबून होते. त्यांनी व्हॅटिकनकडे विनंती केली, की आमच्या नवसातील मागणी बदलू द्यावी. २०१० साली, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकिर्दीत, ती परवानगी मिळाली. आता ते हिमनदी घटू नये म्हणून प्रार्थना करतात.

ही हकिगत ऐकून हसू येणे शक्य आहे. पण त्या नवसाचे दोन भाग होते, हे विसरू नये. हिमनदी आवर, ही देवाकडे केलेली मागणी. आम्ही सदाचाराने राहू, हे स्वतःवर घेतलेले बंधन. सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी मागणी बदलली, बंधन बदलले नाही. वाढत्या बर्फासमोर सदाचार म्हणजे काय, ते त्यांनी त्यांच्या काळात ठरवले. घटत्या बर्फासमोर सदाचार म्हणजे काय, हे आपल्या पिढीला ठरवायचे आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. जुलै २०१८ मधील ते दिवस आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. दिवसरात्र पाऊस कोसळत होता. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या. एव्हरशाईन सिटी, आचोळे, वसंत नगरी सगळीकडे पाणी तुंबले. वीज गेली, मोबाईल बंद पडले, दूध मिळेना. मिठागरांत अडकलेल्या कामगार कुटुंबांकडे बचाव पथकाला बोटी न्याव्या लागल्या. वसईतही त्या दिवशी बोटी निघाल्या होत्या, पण त्यांत हौसेने कोणी बसले नव्हते.

तो पूर हिमनदीमुळे आला, असे म्हणणे खोटे ठरेल. अतिवृष्टी, बुजवलेली खाजणे, अरुंद झालेले नाले आणि सखल जमिनीवर वाढलेली वस्ती ही त्याची कारणे. पण एक गोष्ट आपल्या मच्छीमार बांधवांना विचारून पाहा. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी चढले की गावातील पाणी बाहेर पडत नाही, ते ओहोटीची वाट पाहत थांबते. समुद्र बोटभर वर आला की ती वाट थोडी लांबते. अलास्कात कोसळलेला बर्फाचा तुकडा आपण पाहिला नाही, तरी त्याचे पाणी आपल्या नाल्याच्या तोंडाशी उभे असते. तळमजल्यावर राहणारी म्हातारी आणि मिठागरातील मूल, यांना ते आधी भेटते.

म्हणून ज्यांची अशी सहल ठरली आहे, त्यांना माझी विनंती एवढीच : अवश्य जा, पण आजाऱ्याच्या भेटीला जातो तसे जा. दरवर्षी एक देश उरकण्यापेक्षा आयुष्यात एकदा जा, निवांत राहा. लहान मर्यादा पाळणारी बोट निवडा. आणि परत आल्यावर फोटो दाखवताना साडेचार टँकरांची गोष्टही मुलांना सांगा. जाण्याचा बेत कोणी रद्द केला, तर त्याला कंजूष म्हणू नका. आपल्याकडे परदेशवारी न केलेल्या माणसाला उगाच खाली पाहायला लावतात, ती सवय आपण सोडू या.

आणि जे कधीच जाणार नाहीत, त्यांच्यावरही भेटीचे कर्तव्य आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत छतावरचे पावसाचे पाणी साठवण्याचा विषय निघाला की खर्चाचे नाव काढून तो मोडू नये. घराच्या दुरुस्तीचे डेब्रिज रात्री नाल्यात टाकणाऱ्याला अडवावे. खाजणात भराव पडताना दिसला तर चार जणांनी मिळून महानगरपालिकेत अर्ज द्यावा. स्टेशनपर्यंत एका मोटारीत एकटे न जाता शेजाऱ्याला बरोबर घ्यावे. आणि पावसाळ्याआधी आपल्या इमारतीत तळमजल्यावर कोण एकटे राहते, याची यादी प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने करावी. त्या दाराशी जाऊन, पाणी चढले तर आमच्याकडे वर या, एवढे सांगायला विमानाचे तिकीट लागत नाही.